पडीक शेतातला गहू

प्रिय फौजदार,

तुझं पत्र परवा मिळालं. पत्र कसलं, नोटीसच ती. वर सरकारी शिक्का, खाली तुझी सही आणि मध्ये मला ‘महोदया’! नऊ महिने पोटात वाढवलं आणि आता मी महोदया. आधी हसू आलं, मग चष्मा काढून जरा वेळ दारातच बसले. पोस्टमन पोचपावतीसाठी ताटकळत होता. त्याला म्हटलं, बाबा रे, लेकीनं आईला नोटीस धाडलीय, जरा दम तर खाऊ दे. तो बिचारा आपल्याच बुटांकडे बघत उभा राहिला.

नोटीस नीट वाचली. आपलं वरचं शेत पडीक योजनेत आहे. सात वर्षं त्यात काही पेरायचं नाही असा करार आहे, न पेरण्याबद्दल सरकार आपल्याला अनुदान देतं, आणि तरीही आकाशातून काढलेल्या फोटोत तिथे उभं पीक दिसतंय. तेव्हा येत्या वीस मार्चला कचेरीची यंत्रं येऊन ते कापून टाकतील, त्याआधी मी लेखी खुलासा द्यावा. तर हा माझा खुलासा. तुमच्या छापील कागदावर त्याला दोन ओळींची जागा आहे, आणि दोन ओळींत मावेल असं हे नाही. म्हणून पत्रच लिहिते. शेवटपर्यंत वाच. मधली पानं गाळून खालचं वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

पीक आहे. खोटं कशाला बोलू? गहू आहे, कमरेला लागतोय, ओंब्या भरत आल्यात. पण तो मी पेरलेला नाही आणि कोणाकडून पेरून घेतलेलाही नाही. वरच्या शेताच्या बियाण्याची कोठी सात वर्षांपासून रिकामी आहे. तूच ती झाडून घेतलीस, तूच कुलूप घातलंस आणि किल्ली कचेरीत जमा केलीस. पावती अजून माझ्या डब्यात आहे.

आठवतं का गं तुला तो दिवस? नवी नोकरी, नवी कोरी बॅग, आणि बॅगेत पडीक योजनेचे चाळीस अर्ज. गावात कोणी घ्यायला तयार नव्हतं. काम न करण्याचे पैसे म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. तू स्वयंपाकघरात येऊन रडवेली झालीस. बाबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला, अर्ज ओढला आणि वाचल्याशिवाय सही केली. वरचं शेत दिलं, त्यांचं सगळ्यात लाडकं. मग म्हणाले, आता जा, सगळ्यांना सांग की पहिली सही माझी आहे. आठवड्यात तुझे चाळीसही अर्ज संपले. जमिनीला विसावा मिळतो, धान्याचे भाव टिकतात, सगळं खरं असेल. योजना वाईट होती असं मी म्हणत नाही. पण माणसाला विसावा द्यायचं त्या अर्जात कुठे लिहिलं नव्हतं, आणि तुझ्या बाबांना तो कधी घेताच आला नाही.

पहिली दोन वर्षं त्यांनी कशीबशी काढली. कुंपण रंगवलं, ते वाळायच्या आत परत रंगवलं. माझ्या फडताळाच्या फळ्या काढून उलट्या बसवल्या. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसलं सगळं. खालच्या शेतात यंत्रानं पेरणी व्हायची, त्यात त्यांना मजा नव्हती. वरचं शेत त्यांनी आयुष्यभर हातानं पेरलं होतं. यंत्राला जमीन कळत नाही म्हणायचे. खांद्याला ती तेलकट झोळी अडकवून एकेक पाऊल टाकत, दर पावलाला एक मूठ. आणि ट्रॅक्टरवरून पडल्यापासून त्यांचा डावा पाय आखूड. उजवं पाऊल लांब पडायचं, डावं जवळ. त्यामुळे त्यांचं बी कधी एकसारखं पडलंच नाही. एक पट्टा विरळ, एक दाट, परत विरळ, परत दाट. पीक वर आलं की अख्खा गाव हसायचा की यांच्या शेतातला गहूसुद्धा लंगडतो. ते स्वतः सगळ्यांत मोठ्यानं हसायचे.

मग पाचव्या वर्षी तो भोपळा. मला माहीत आहे, इथे तू पत्र खाली ठेवशील. ठेवू नकोस. कुंपणाच्या कडेला त्यांनी एक वेल लावला होता. एकच. तू पाहणीला आलीस, सोबत तुझा साहेब होता, शेजारचा भोंगाही पाठोपाठ आला. त्याला भोंगा म्हणतात ते उगाच नाही, त्याची कुजबूज दोन शेतांपलीकडे ऐकू जाते. तू वेल बघितलास, साहेबाकडे बघितलंस आणि बाबांना म्हणालीस की हा काढावा लागेल, आत्ता, माझ्यासमोर. त्यांनी वाकून मुळासकट उपटला. तीन छोटे भोपळे लागले होते. ते तिन्ही त्यांनी तुझ्या हातात दिले आणि घरात आले. त्या महिन्यातच तू बदली मागून घेतलीस, शहरातल्या मुख्य कचेरीत, फोटो तपासायच्या खोलीत. आम्ही विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस.

आता ऐक. ते तुझ्यावर रागावले नव्हते. शपथ घेऊन सांगते. पुढचे चार महिने ते भेटेल त्याला सांगत होते, आमची फौजदार बापालाही सोडत नाही. छाती फुगवून सांगायचे. रागावले होते ती मी. एका वेलानं तुझं सरकार बुडणार होतं का, असं मनात ठेवून तुझ्याशी फोनवर हवापाण्याचं बोलत राहिले. ते चुकलं माझं. वेळेवर भांडले असते तर तू घरी येत राहिली असतीस.

भोपळ्यानंतर त्यांनी चालायला सुरुवात केली. रोज सकाळी दहाला रिकामी झोळी खांद्याला लावायची, वरच्या शेतात जायचं आणि एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत पेरत जायचं. झोळीत काही नसायचं. मूठ भरायची रिकामी, फेकायची रिकामी. मी चिडून विचारलं की डोकं ठिकाणावर आहे का, तर म्हणाले, हात विसरू नयेत म्हणून करतो, या जूनमध्ये नाही, पुढच्या जूनमध्ये नाही, त्याच्या पुढच्या जूनमध्ये करार संपतो, तेव्हा पेरायला नको? भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस खोडायचे. नऊ ऑक्टोबरला सकाळी झोळी खांद्याला लावताना खोलीतच कोसळले. आठ महिने कमी पडले गं. नुसते आठ महिने.

तू आलीस, दोन दिवस राहिलीस, वरच्या शेताकडे फिरकली नाहीस आणि गेलीस. त्यावरून बोलत नाही मी. त्यानंतर जे झालं ते सांगते. तुझी आई भुताखेतांना भिणारी बाई नाही. अंधारात विहिरीवर जाऊन पाणी आणलेलं आहे मी, आणि भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या तुझ्या आत्याला मी कायम चिडवत आले.

आधी पाखरं आली. पेरणाऱ्याच्या मागे पाखरं कशी उतरतात ते तू लहानपणी बघितलंयस, दहा पावलांचं अंतर ठेवून, सांडलेलं टिपत. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी ती वरच्या शेतात उतरायला लागली. एका रांगेत, एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत, माणसाच्या चालीनं पुढे सरकत. पुढे कोणीच नव्हतं. मी बांधावर उभी राहून बघत होते. जमिनीत काही नव्हतं, पण ती टिपत होती आणि गिळत होती. घरी येऊन मी झोळी बघितली. खुंटीला होती. हात आत घातला तर आतून गरम होती, दिवसभर कोणाच्या तरी कमरेला लागून असावी तशी.

डिसेंबरात हिरवं दिसू लागलं. शेजारचा भोंगा आला, विचारायला की कोणता गडी लावलात, चोरून पेरताय आणि शेजाऱ्याला पत्ता नाही. बांधावर चढला आणि तिथेच थांबला. विरळ पट्टा, दाट पट्टा, विरळ, दाट. जन्मात पहिल्यांदा त्या माणसाचा आवाज बसलेला मी ऐकला. डोक्यावरची टोपी काढली, म्हणाला, वहिनी, ही चाल तर त्यांची. आणि मागे न बघता निघून गेला. त्यानं तक्रार केलेली नाही, एवढं लिहून ठेव. तो आता ती वाटच सोडून लांबून जातो.

मला ते दिसले जानेवारीत. दुपारचे बारा वाजून गेले होते, लख्ख ऊन, आणि ते पलीकडच्या बांधाकडे चालत होते. पाठमोरे. तीच तपकिरी बंडी, कोपरावर मी लावलेलं ठिगळ, तोच डावा पाय. मी भ्यायले नाही असं म्हणणार नाही. पण त्याहून जास्त मला रडू आलं, कारण ते वाळले होते, बंडी खांद्यावरून ओघळत होती. बांधाशी पोचले की माणूस वळतो की नाही? ते वळत नाहीत. तिथे नजर जरा हलते, आणि परत बघावं तर ते अलीकडच्या टोकाला असतात आणि परत पाठच. दोन महिने झाले, रोज बघते. तोंड एकदाही दिसलेलं नाही.

नोटीस यायच्या आधीच, फेब्रुवारीअखेरीस, तुमच्या इथल्या कचेरीनं कापणीयंत्र पाठवलं होतं. हे तुझ्या फायलीत ‘यंत्रात बिघाड’ म्हणून लिहिलं असेल. बिघाड कसला डोंबलाचा! तो यंत्रवाला चांगला दांडगा गडी, दूरच्या गावचा, आम्हाला कोणालाच न ओळखणारा. बारा वाजता यंत्र शेतात घातलं आणि वीस पावलांवर थांबवलं. मागे घेतलं, परत घातलं, परत थांबवलं. तिसऱ्यांदा खाली उतरून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. माझ्यावरच खेकसला की बाई, आत माणूस काम करतोय, ऐकू येत नाही का त्याला, आधी बाहेर बोलवा. मी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं की तो माझ्या हाकेनं येत नाही. त्यानं पुन्हा शेताकडे बघितलं. मग पाण्याचा पेला न पिताच कठड्यावर ठेवला आणि यंत्र तिथेच सोडून पायी गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा मालक यंत्र घेऊन गेला. आता वीस तारखेला तुम्ही दोन मोठी यंत्रं पाठवताय, त्यांच्या चालकाला समोरचं काही दिसत नाही म्हणे, इतक्या उंचावर बसतो तो.

आणि आता ते, ज्यासाठी मला रोज दुपारी घास उतरत नाही. पट्टे जवळ यायला लागलेत. पलीकडच्या बांधाकडचे, म्हणजे नोव्हेंबरातले, चांगले ऐसपैस आहेत. मधले जवळ. आणि घराच्या बाजूचे, शेवटचे, इतके चिकटून की दाट कुठला आणि विरळ कुठला ते मलाही कळत नाही. याचा अर्थ तुला सांगायला नको. पाऊल आखडतंय त्यांचं. दमलेत गं ते. पाच महिने झाले, दुपारची सुट्टी नाही, जेवण नाही, पाणी नाही. कोणी घरी बोलावलं नाही म्हणून चाललेत नुसते. मी रोज बारा वाजता बांधावर उभी राहून हाका मारते. पण तीस वर्षं माझ्या हाकेला ‘आलो, आलो’ म्हणून तासभर न येणारा माणूस, तो आता काय येणार?

काल मी तुझा फोटो घेऊन बसले, नोटिशीला टाचलेला तो. त्यांचं पेपर वाचायचं भिंग काढलं. खाली तारीख आहे, बारा फेब्रुवारी. सगळे पट्टे दिसतात वरून, तू ते ओळखले नसशील असं मला कोणी शंभरदा सांगितलं तरी पटणार नाही. शेवटच्या पट्ट्याच्या टोकाला एक काळा ठिपका आहे. ठिपक्याला सावली आहे आणि सावलीचा एक हात लांब झालेला आहे. शेताभोवती तू लाल रेघ ओढलीयस, उल्लंघन झालेली जागा दाखवायला. तुझी रेघ कशी असते ते मला माहीत आहे, शाळेच्या वहीपासून पट्टीसारखी सरळ. सगळीकडे सरळच आहे. फक्त त्या ठिपक्याशी ती आत वळते, त्याला हळूच बाहेर सोडते आणि मग पुढे जाते. म्हणजे तू बघितलंस. बघितलंस, बापाला गुन्ह्यातून बाहेर काढलंस, आणि घाबरून आईला ‘महोदया’ लिहिलंस.

वेडी पोर. घाबरतेस कशाला? म्हणून हे सगळं लिहिलं. अनुदान बंद करा, घेतलेलं परत मागा, माझी तक्रार नाही, गहू कापायलाही माझी ना नाही. नोटिशीवर ‘कसणाऱ्याचं नाव’ असं छापलंय, त्यापुढे मी त्यांचं नाव लिहून खाली सही केलीय, ती या पाकिटात परत पाठवतेय. पण ते आत असताना यंत्र घालू देणार नाही. तू आली नाहीस तर वीस तारखेला मी आत जाऊन त्यांच्यापुढे उभी राहीन, मग तुमच्या चालकानं दोघांना बाहेर बोलवावं. त्याआधी ये. एकटी ये, दुपारी बाराच्या आत. फाटकावर चढ, सहा वर्षांची असताना चढायचीस तशी, आणि तोंडाशी हात धरून तीच हाक मार, बाबा, जेवायला चला, नाहीतर तुरुंगात टाकीन. आयुष्यात ते एकाच हाकेला तडक घरी आले, तुझ्या, दोन्ही हात वर करून, हसत. म्हणून तर तू फौजदार. या वेळीही वळतील. मी तीन ताटं मांडून ठेवते.

वाट बघणारी, तुझीच
आई